दुसऱ्या मजल्यावरची हाक

पद्मनाभ रिसबूड घरांच्या धंद्यात पडला तो काही हौसेने नव्हे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला नवा धंदा सुचतो तो बहुधा जुन्याने लाथ घातल्यावरच. वीसेक वर्षं बंगळुरात सॉफ्टवेअर तपासण्यात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हे त्याचं काम. त्या कामात तो इतका मुरला होता की लग्नाच्या पंगतीत बसला तरी कुणाच्या पानात मीठ वाढायचं राहिलंय ते आधी बघायचा. मग एका सकाळी कंपनीने त्याला एका लहानशा खोलीत बोलावलं, समोर हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी आणि पाण्याची बाटली ठेवली, आणि चहाच्या वेळेपर्यंत तो रस्त्यावर होता. एरवी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून जयनगरच्या घरी येताना गर्दीत रडकुंडीला यायचा. त्या दिवशी भर दुपारी रस्ता मोकळा मिळाला, आणि का कोण जाणे, त्याला नोकरी गेल्यापेक्षा त्या मोकळ्या रस्त्याचाच राग जास्त आला.

पुढचे काही आठवडे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. रोज आंघोळ करून, पाठीला बॅग लावून निघायचा आणि जयनगरच्या एखाद्या बागेत बसून राहायचा. शेवटी संध्यानेच एकदा डबा हातात देताना म्हटलं, "आज बागेत ऊन फार आहे, टोपी घेऊन जा." एवढंच बोलली. बाई सांगलीची, शेलकं बोलणारी. तो तिथेच दारात बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मंजुनाथ त्यांच्या आयुष्यात पुन्हा आला तो त्यानंतर. हा जयनगरचा दलाल. ज्या फ्लॅटात ते राहत होते तो त्यानेच मिळवून दिला होता. दलाल म्हणजे सावज हेरणारी जात, पण मंजुनाथच्या मनात ओलावाही होता. नोकरी गेल्याचं कळल्यावर तो केळी घेऊन भेटायला आला आणि जाता जाता म्हणाला, "सार, चामराजपेट में एक घर है. फर्स्ट क्लास. स्वल्प बॅकग्राउंड है, बस."

बॅकग्राउंड असं होतं की त्या घरात एक एकटे म्हातारे गृहस्थ वारले आणि शेजाऱ्यांना ते वासावरून कळलं. मुलं परदेशी. घर विकायला काढलं तर माणसं दारापर्यंत यायची, समोरचा किराणावाला काहीतरी पुटपुटायचा, आणि माणसं तशीच मागे फिरायची. किंमत उतरत उतरत निम्म्यावर आली होती.

पद्मनाभने ते घर उभंआडवं तपासलं. भिंती खणखणीत, कागदपत्रं स्वच्छ, पाणी चोवीस तास. म्हणजे दोष घरात नाही, दोष लोकांच्या डोक्यात आहे, असं त्याने ठरवलं. आणि दोष काढणं हा तर त्याचा पिढीजात म्हणावा असा धंदा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्यांच्या तसल्या विश्वासावर पोट भरायला मात्र त्याला काही गैर वाटलं नाही. जयनगरचा फ्लॅट त्याने भाड्याने दिला, साठवलेलं सगळं त्या घरात घातलं आणि बायकोसकट तिथे राहायला गेला.

त्याची रीत हळूहळू बसत गेली. पहिल्या दिवशी शेगडीवर दूध उतू घालवायचं. मग कुणीतरी वास्तूवाला बोलावून, तो म्हणेल ती भिंत किंवा दार इकडचं तिकडे करायचं, म्हणजे घराचा चेहरा बदलतो. मग रंग. मग राहायचं, निदान एखादा सण येऊन जाईपर्यंत. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला घालायचं. ज्या घरात लोक जेवले त्या घराबद्दल लोक वाईट बोलत नाहीत. खाल्ल्या मिठाला तेवढं तरी जागतात. किराणावाला श्रावणात पुरणपोळी खाऊन गेला, आणि पुढे गिऱ्हाईक आलं तेव्हा "बहुत अच्छा घर है" असं तोच आपणहून म्हणाला.

यातलं निम्मं काम खरं तर संध्याचं होतं. पद्मनाभचं कन्नड वीस वर्षांत 'सरी' आणि 'स्वल्प' यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. ती मात्र आठवड्याभरात गल्लीतल्या सगळ्यांची अक्का व्हायची. तिची हळदीकुंकवं दणक्यात व्हायची. ज्या बायका त्या दारावरून जाताना पदर सावरायच्या, त्या आत बसून अत्तर लावून घ्यायच्या, तिळगूळ खायच्या, वाण घेऊन हसत घरी जायच्या. बायका आत आल्या की घर बाटलेलं राहत नाही, हे पद्मनाभच्या लक्षात आलं होतं आणि त्याचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला.

संध्याने मात्र सुरुवातीलाच दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, कुणी सरळ विचारलं तर ती खोटं बोलणार नाही. "सरळ कोण विचारतंय?" पद्मनाभ म्हणाला होता, आणि त्याचं खरं निघालं. लोक पाण्याचं विचारतात, पार्किंगचं विचारतात. इथे कोण मेलं हे कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट, गेलेल्या माणसाचं नाव तिला ठाऊक पाहिजे. पहिल्या संध्याकाळी ती त्या नावाने एक दिवा लावायची. "ज्याच्या घरात राहायचं त्याचं नाव नको माहीत?" यात त्याला काही तोटा दिसला नाही.

चामराजपेटचं घर विकलं गेलं, मग जयनगरातलं एक. मंजुनाथ खूश, संध्या जरा दमलेली, आणि पद्मनाभला पुन्हा एकदा आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलेलं. नातेवाईक विचारायचे तेव्हा तो "रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट" असं भारदस्तपणे सांगायचा. मग बेळ्ळंदूरचा फ्लॅट आला.

तळ्याच्या मागच्या गल्लीत चार मजल्यांची साधी इमारत. सगळे भाडेकरू आयटीतले, वर्षाला बदलणारे. असोसिएशन होती ती पाण्याच्या टँकरपुरती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात तीन पोरं मिळून राहायची. दोघं सणाला गावी गेलेली असताना तिसऱ्याने आतल्या खोलीत स्वतःला संपवलं. खानापूरकडच्या खेड्यातला मुलगा, पंचविशीही उलटली नव्हती. नोकरी गेली होती आणि घरी सांगितलं नव्हतं. पद्मनाभला ज्या लाटेने बाहेर फेकलं, त्याच लाटेत तोही होता. मुलाचं नाव यल्लाप्पा. हे सगळं मंजुनाथने सांगून झाल्यावर पद्मनाभने किमतीचं विचारलं.

या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टला लागून एक दार होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर तेच या फ्लॅटचं दार. वास्तूवाला म्हणाला, दार दक्षिणेला आहे, इथेच सगळं बिघडलं. पद्मनाभने ते दार विटांनी बुजवलं, वर गिलावा केला, आणि बोळाच्या टोकाला पूर्वेकडे नवं दार पाडलं. लिफ्टमधून बाहेर पडलं की आता तिसऱ्या मजल्यावर समोर फक्त भिंत दिसायची. संध्याने तिथे एक मनीप्लँट टांगला.

दिवाळी झाली, संक्रांत आली. तोवर गिऱ्हाईकही आलं होतं: भार्गवी नावाची पुण्याची मुलगी आणि तिचा नवरा, दोघंही तिथेच जवळच्या ऑफिसात. भार्गवीला दिवस गेले होते आणि बाळ यायच्या आधी त्यांना स्वतःचं घर हवं होतं. पद्मनाभने युक्ती केली. "संध्या, हळदीकुंकवाला तिलाही बोलाव. सासूला घेऊन येऊ दे." भरलेलं घर, रांगोळी, हसत्या बायका, याहून चांगली जाहिरात कोणती?

त्या संध्याकाळी घर फुलून गेलं होतं. पुरुषाला अशा वेळी घरात जागा नसते, म्हणून पद्मनाभ दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसला होता. लिफ्टचा दरवाजा उघडला आणि एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, पण उन्हाने सत्तरीची दिसणारी. कपाळ मोकळं. हातात कापडी पिशवी, तिच्यातून नारळाची शेंडी वर आलेली. ती मनीप्लँटच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि भिंतीवर हात फिरवायला लागली.

"कोण हवंय?" पद्मनाभने हिंदीत विचारलं.

तिने वळून पाहिलं. आतून येणारं मराठी तिच्या कानावर पडलं असावं. "इथं दार हुतं की वो," ती म्हणाली. बेळगावकडच्या बायका बोलतात तसं ती 'आलो, गेलो' असं बोलत होती. "मी तानूबाई, खानापूरकडनं आलो. माझा पोरगा हुता इथं, यल्लाप्पा. गेला तो. तवा आलो हुतो मी, त्याची पेटी न्यायला. शुद्ध नव्हती मला, पण दार लिफ्टला लागून हुतं येवढं आठवतंय."

पद्मनाभ उठून उभा राहिला. आत कुणीतरी उखाणा घेत होतं.

ती सांगत राहिली. मुलाच्या पाठोपाठ त्याचे वडीलही गेले, त्यामुळे करायचं ते राहूनच गेलं. त्यांच्याकडे माणूस परमुलखात गेला तर घरच्याने त्या जागी जाऊन त्याला नावाने हाक मारून बोलवावं लागतं. नारळात बसवून घरी आणायचं असतं. नाहीतर तो तिथेच राहतो, कुणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत. "दीड वर्स झालं, साहेब. पोरगं बसलं असंल इथं." मग तिचं लक्ष चपलांकडे आणि आतल्या हळदीच्या ताटाकडे गेलं. ती पटकन दोन पावलं मागे सरली. "तुमच्यात कार्य चाललंय व्हय. माझं काय, मला कळतंय की. मी आत येत न्हाई. तुमचं आटपू दे, तवर मी जिन्यात बसतो."

तिने खरोखर पदर सावरला आणि जिन्याकडे निघाली. थोड्या वेळाने बायका त्याच जिन्याने उतरणार होत्या. भार्गवी उतरणार होती, तिची सासू उतरणार होती. जिन्यात नारळ घेऊन बसलेल्या मराठी बाईला कोणीतरी विचारणारच, की मावशी, कुणाकडे आलात?

"मावशी," पद्मनाभ म्हणाला, "तुमचा मजला चुकला. हा तिसरा. तुम्ही म्हणता ते दार दुसऱ्यावर आहे."

"दुसरा व्हय? मला तिसरा वाटला हुता."

"सगळे मजले सारखेच दिसतात."

तिला ते लगेच पटलं. शिकलेला, मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर ती कशाला शंका घेईल? तो तिला स्वतः खाली घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टला लागून दार होतंच, आणि दाराला कुलूप. तिथली पोरं ऑफिसातून यायची होती. दार बघताच बाईचे डोळे भरून आले. "ह्येच की," ती म्हणाली. आत जायला नाही मिळालं तरी चालेल, उंबरा असला म्हणजे झालं. तिने पद्मनाभच्या पायांना हात लावला. तो ते टाळू शकला नाही.

तो वर आला तेव्हा भार्गवी मधल्या गादीवर बसली होती आणि संध्या तिला कुंकू लावत होती. आणि तेवढ्यात जिन्यातून, डक्टमधून, सगळीकडूनच हाक आली.

"यल्लू, चल बाळा. घरला चल. मी आलोय रे न्यायला."

बायका थांबल्या. हाक पुन्हा आली, आणखी मोठ्याने. "चल बाबा, लई येळ झाला. आता खेळ पुरे. चल घरला."

"कुणाचं तरी पोर खाली खेळून येत नाहीये वाटतं," भार्गवीची सासू हसून म्हणाली. भार्गवीने पोटावर हात ठेवला आणि तीही हसली. संध्याचं कुंकवाचं बोट मात्र हवेत तसंच राहिलं होतं. तिने मान वर करून दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्या संध्याकाळी ज्या नावाने दिवा लावला ते नाव ती कशी विसरेल?

सगळ्या गेल्यावर तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. "ती समाधानाने गेली, संध्या. तिला काय फरक पडतो, वर काय नि खाली काय?"

"तिला नाही पडत," संध्या म्हणाली. "जो या खोलीत बसून आईची हाक ऐकत होता, त्याला पडतो."

"तू हे मानतेस?"

"मी मानते की नाही ते सोड. ती मानते. आणि तू तिला कुलपापुढे उभी केलीस." मग ती शांतपणे म्हणाली, "घर दोघांच्या नावावर आहे. ती बाई या खोलीत येऊन जाईपर्यंत मी सही करणार नाही."

पद्मनाभला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. राग उतरला, सही मात्र झाली नाही. आणि दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. आतली खोली त्याने कामाची खोली केली होती. तिथे बसला की त्याला आपण कुणाच्या तरी वाटेत बसलोय असं वाटायचं. तो खुर्ची सरकवून घ्यायचा. खिडकीपाशी उभा राहिला तर थोडी जागा सोडून उभा राहायचा. खोलीत जाताना तो दारावर टकटक करायला लागला, आणि हे त्याला संध्या टक लावून बघत असल्याचं दिसलं तेव्हा कळलं. बाहेर जाताना खोलीचं दार लावून घेणं त्याला जमेनासं झालं. आपण कुणाला तरी कोंडून चाललो आहोत असं वाटायचं.

कसला आवाज आला नाही, काही हललं नाही. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. दोष पकडता आला असता. एवढंच होतं की त्याला त्या मुलाचं फार वाटायला लागलं. पाठीला बॅग लावून तोही कुठल्यातरी बागेत बसत असेल. त्याला टोपी घे म्हणणारं कुणी नव्हतं. आणि शेवटी दीड वर्षाने आई न्यायला आली, एक मजला खाली येऊन उभी राहिली, नाव घेऊन बोलवू लागली, आणि मधे पद्मनाभ रिसबूड बसला होता. एका दुपारी त्या रिकाम्या खोलीत तो मोठ्याने म्हणाला, "माझं चुकलं." त्याला वाटलं होतं की बोलल्यावर बरं वाटेल. उलट कुणीतरी ऐकून घेतल्यासारखं वाटलं, आणि तो चपला न घालताच जिना उतरून रस्त्यावर आला.

मंजुनाथने जुन्या मालकाकडून गावाचं नाव काढून दिलं. पद्मनाभ खानापूरला उतरला आणि तिथून मिळेल त्या गाडीने खेड्यात पोचला. सगळं सांगायचं हे वाटेत ठरवूनच ठेवलं होतं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

तानूबाईने त्याला ओळखलं आणि तिला कोण आनंद झाला. "बंगळुराचं साहेब आलंय," असं तिने शेजारच्या घरात जाऊन सांगितलं. पाणी दिलं, जेवायला बसवलं. भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, ताक. त्याच्या आधी तिने एक ताट वाढून आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"त्याचं," ती म्हणाली. "तुमची किरपा बघा. तुम्ही दार दावलं नसतं तर मी तशीच परत आलो असतो. आला पोरगा. त्या दिवसापासनं घरात हाय. मला झोप लागाय लागली."

पद्मनाभचा घास हातातच राहिला. "कसं कळतं?" त्याने विचारलं.

"कळतंय की. सांजचं दाराशी येतंय, मी म्हणतो ये बाबा. ताट वाढतो. वावरतंय घरात. पण लई गप झालंय. यल्लू म्हणून हाक मारली तर ओ देत न्हाई बघा. पयला असा नव्हता. मी म्हणतो, रुसलंय. उशीर केला न्हवं मी."

पाठ केलेली वाक्यं पद्मनाभच्या डोक्यातून पार निघून गेली. आता खरं सांगायचं म्हणजे या बाईची झोप हिसकावून घ्यायची. न सांगायचं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा तसाच. शेवटी त्याने वाकड्या वाटेने विचारलं, की एखाद्याला बोलवायला घरचं कुणी आलंच नाही, तर दुसऱ्या कुणी बोलावलेलं चालतं का?

तानूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरात गेलंय व्हय कुणी?"

"होय," तो म्हणाला. "माझ्या घरात. आम्ही घ्यायच्या आधी. एक मुलगाच."

"आई न्हाई त्याला?"

"ती… पोचली नाही तिथपर्यंत."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मग मी येतो की. आई ती आई. माझ्या पोराला तुम्ही दार दावलं, तुमच्याकडच्या पोराला मी न्हेतो. त्याच्या आईच्या हवाली करू, न्हाईतर नदीत सोडू. असं बसवून ठिवू नये कुणाला."

आणि पद्मनाभच्या मनावरचं ओझं उतरलं. किती सोपं झालं सगळं. बाई योग्य खोलीत येईल, हाक मारेल, संध्या सही करेल, आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीच्या सवयीने त्याने परतीच्या गाडीत सगळं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आणि त्याला कुठेही खोट सापडली नाही. शेजारच्या सीटवर तानूबाई नवा नारळ मांडीवर घेऊन शांत झोपली होती. संध्याला त्याने फोनवर एवढंच कळवलं की त्यांना घेऊन येतोय.

इमारतीत शिरल्यावर तानूबाईने लिफ्ट नको म्हटलं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, त्या दारापुढे हात जोडले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत पोरं गाणी लावून बसली होती. "येकाच बिल्डिंगीत दोन पोरं," ती वर चढता चढता म्हणाली. "वळख असंल दोघांची."

दारात संध्या उभी होती. नवऱ्याने सगळं सांगितलंय अशाच समजुतीने ती पुढे झाली आणि तानूबाईच्या पाया पडली. "या मावशी," म्हणाली, "हे घर तुमचंच आहे." तिने डोळे पुसले. तानूबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. यांनाही लागून राहिलंय बिचाऱ्यांना, असं तिला वाटलं असावं. मग तिने पाय धुतले, पदर खोचला आणि आतल्या खोलीत गेली.

संध्याने दिवा लावून ठेवला होता. तानूबाईने खोलीच्या मधोमध तांदळाची मूठ ठेवली, तिच्यावर नारळ उभा केला, हळदीचं बोट लावलं. सगळं सराईतपणे, एकदा करून झालेलं असल्यासारखं. खिडकीतून तळ्याकडचा उजेड आत येत होता. ती मांडी घालून बसली, दोन्ही हात नारळावर ठेवले, डोळे मिटले आणि हाक मारायला तोंड उघडलं. मग डोळे उघडून तिने पद्मनाभकडे पाहिलं.

"नाव काय पोराचं?"

पद्मनाभ दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सगळं तपासलं होतं, आणि एवढंच राहिलं होतं. संध्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. याने काहीच सांगितलेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती तोंडावर हात धरून मागे भिंतीला टेकली.

"साहेब, नावाबिगर हाक कशी मारू? येणार कसा तो?"

कुठलंही नाव सांगता आलं असतं. रमेश, सुरेश, काहीही. जिभेवर आलंही होतं. पण खोलीत ते तिघंच आहेत असं त्याला त्या क्षणी वाटत नव्हतं, आणि जो चौथा होता त्याच्यासमोर त्याला खोटं बोलता येईना.

"यल्लाप्पा," तो म्हणाला.

तानूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग संध्याकडे. संध्या रडत होती. बाई उठली. ती खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं, मग बाहेरच्या खोलीत लिफ्टच्या बाजूच्या भिंतीपाशी आली, आणि जिथे विटा भरून गिलावा केला होता तिथे आतून तळहात टेकवला. खूप वेळ तो तसाच ठेवला. हाक मात्र मारली नाही. परत वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"मग मी खालनं कुणाला न्हेलो वो?" तिने हळूच विचारलं. "इतकं दिस ताट कुणाला वाढतोय मी?"